दारात आडवे पडलो तेव्हा

मराठी निबंध शिकवणाऱ्या आमच्या मास्तरांनी मला लिहायला लावले. गिरणीच्या भोंग्यापासून नगरपालिकेच्या नळापर्यंत जे खटकेल त्यावर पानभर लिहून आणा, म्हणायचे. घाबरत लिहिलेले पान ते पुरते न वाचता परत करीत.

स्वराज्याच्या चळवळीच्या वर्षी आम्ही शाळेवर हरताळ पुकारला आणि सकाळीच दारात आडवे पडलो. बाकीचे शिक्षक धोतर सावरून आम्हाला ओलांडून आत गेले. मास्तर पायरीशीच थांबले.

शिपाई आतून ओरडला, "मास्तर, टाका की ढांग! हजेरीपुस्तक आत हाय."

"पोरांना ओलांडू? उंची खुंटते म्हणतात."

"ह्यो तर आदीच खुंटलाय की!" माझ्याकडे बोट दाखवत शिपाई म्हणाला. पडल्यापडल्या आम्हीही हसलो.

माझ्या शेजारचा विणकराचा पोरगा मास्तरांना वाट द्यायला सरकू लागला. "सरकलास तर बघ!" मी त्याला दटावले.

मास्तरांनी त्या दिवशी आत पाऊल टाकले नाही. परीक्षेला बसणारी पाच मुले आली होती. त्यांना समोरच्या लिंबाखाली बसवून ते दुपारपर्यंत शिकवत राहिले. मी दारातून ते पाहत होतो आणि जळत होतो. हरताळ म्हणजे हरताळ!

संध्याकाळी मी पत्रक लिहिले. 'पगारासाठी देशाकडे पाठ फिरवणारा गुरू' असा मथळा दिला. पगारासाठी त्यांना फक्त आत जाऊन सही करायची होती, आणि ती त्यांनी आमच्यामुळेच केली नव्हती, हे मी डोळ्यांनी पाहिले होते. तरी 'पगारासाठी' हा शब्द ठेवला, कारण त्याने मथळ्याला धार येत होती. खाली माझे नाव घातले नाही. नवी पेठेत भिंतीभिंतीवर ते पत्रक मीच चिकटवले.

गैरहजेरीबद्दल शाळेने मास्तरांना काढले. पत्रकामुळे लोकांनी त्यांच्या शिकवण्या बंद केल्या. ते वळसंगला आपल्या गावी गेले. जाऊन पाय धरावेत असे मला वाटे. पण आधी हा मोर्चा होऊ दे, मग ती सभा होऊ दे, असे करत तीन वर्षे गेली. दरम्यान सत्यावर मी बरीच भाषणे केली.

गेल्या महिन्यात मास्तर वारल्याचे कळले. तेव्हा मात्र दुसऱ्याच दिवशी वळसंग गाठले. कबूल करायचे, एवढेच ठरवून गेलो होतो.

त्यांच्या पत्नीने चहा दिला. "त्यांचा विद्यार्थी का रे तू?"

"हो."

"बरं झालं आलास. शाळेतलं कुणी आलं नाही." मग म्हणाल्या, "ते पत्रक कुणी लिहिलं, कळलं का रे कधी? यांनी मला विचारू दिलं नाही. म्हणायचे, पोरगं असेल, त्याला शोधू नकोस."

त्या माझ्याकडे पाहत होत्या.

"नाही," मी म्हणालो. आणि कपातला उरलेला चहा पिऊन टाकला.