गाणारी वेगळी, नाचणारी वेगळी

आमच्या क्लासला साथ करणारे गायक गेल्या वर्षी मुलाकडे पुण्याला राहायला गेले. शेवटच्या रविवारी त्यांनी पेटी बंद केली, रुमालाने मान पुसली आणि म्हणाले, "ताई, आता नाही जमायचं. बसमधून उतरलं की तुमचा जिना दिसतो, आणि जिना दिसला की परत बसमध्ये चढावंसं वाटतं."

मला हसू आलं. मलाही तो जिना बघून तसंच वाटायचं. ते पंच्याहत्तरीचे होते आणि मी एकोणसाठची, एवढाच काय तो फरक.

मी कथक शिकवते. सुरतेच्या उधन्यात एका सोसायटीचा दुसऱ्या मजल्यावरचा हॉल आहे, तिथे शनिवार-रविवार. लग्न होऊन सुरतेला आले तेव्हा नवरा म्हणाला होता, इथे मराठी माणसं भरपूर आहेत, क्लास चालेल. चालला. मुली आठव्या वर्षी येतात आणि दहावी आली की जातात. गुडघे गेले, पण शनिवार-रविवार काही गेले नाहीत.

गायक गेल्यावर मी फोनवर गाणी लावायला लागले. फोनमधल्या बाईचा आवाज आमच्या गायककाकांपेक्षा कितीतरी गोड होता. पण ती कुणासाठी थांबत नव्हती. काका माझ्या पाठीकडे बघून गायचे. एखादी मुलगी घुंघट घ्यायला अडखळली तर तीच ओळ अजून एकदा फिरवून आणायचे. फोनमध्ये ओळ आली की गेली. मुली तिच्यामागे धावायच्या आणि मी मुलींच्या मागे.

त्या दिवसांत एक आजी दर शनिवार-रविवारी नातीला घेऊन यायच्या. मूळच्या धुळ्याकडच्या, लिंबायतला राहायच्या आणि घरी साड्यांना लेस लावायचं काम करायच्या. नात अकरा वर्षांची, अंगाने हलकी, लक्षात ठेवणारी. आजी दाराशी चपलांच्या जवळ सतरंजीवर बसायच्या आणि डोळे मिटून घ्यायच्या. मला वाटायचं, बाईला झोप लागते. मी त्यांना मावशी म्हणायचे.

एका रविवारी मी मोठ्या मुलींना ठुमरी शिकवत होते. नायिका सखीला सांगते की तो आला नाही, एवढाच अर्थ. फोन गात होता, मी हाताने आणि डोळ्यांनी सांगत होते. क्लास सुटला, मुली खाली गेल्या. मावशी चपला घालता घालता थांबल्या.

"मॅडम, तुम्ही तोंड बंद ठेईसन कशा सांगतस?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"गाणं तिनं, हात तुमना. मंग दुख कोनं?"

गाणं फोनमधल्या बाईचं आणि हात माझे, मग दुःख कुणाचं? मी म्हटलं, "मावशी, असंच असतं. गाणारी वेगळी, नाचणारी वेगळी."

"पयले नव्हतं तसं," त्या म्हणाल्या आणि नातीचा हात धरून जिना उतरल्या.

पूर्वी नव्हतं तसं, हे मला माहीत होतं. मी नाशिकला शिकले. आमच्या बाई स्वतः एका उत्तरेकडच्या म्हाताऱ्या उस्तादांकडे शिकल्या होत्या आणि त्यांनी लहानपणी अशा बायका पाहिल्या होत्या, ज्या बैठकीत बसून स्वतः गात आणि गातागाता भाव करत. एकच ओळ वीस वेळा, दर वेळी निराळी. मग उठून नाचत. गाणं आणि नाच हे त्यांना दोन विषय वाटत नसत. पुढे चांगल्या घरच्या मुली नाच शिकायला लागल्या तेव्हा त्यांच्या घरच्यांनी एक अट घातली. नाच चालेल, पण त्या बायकांसारखं नको. मग गाणं बाजूला बसलेल्या माणसाकडे गेलं आणि मुलीच्या वाट्याला फक्त अंग आलं. आमच्या बाई हे सगळं एखादी तक्रार सांगावी तसं सांगत, आणि दुसऱ्याच मिनिटाला मला म्हणत, "ओठ हलवू नकोस. घरंदाज मुलगी पायांनी बोलते."

माझा गळा चांगला होता. शाळेत मी प्रार्थना सांगायचे. पण नाचताना सवयीने ओठ हलायचे, म्हणून बाईंनी मला दोन महिने दातात काडी धरून उभं केलं. बोल मात्र खणखणीत पढायला लावत. तालाचे बोल तोंडाने म्हटलेले चालायचे, गाणं नाही. तेव्हा त्यात काही विचित्र आहे असं मला वाटलं नाही. चौदाव्या वर्षी माणूस सांगतील ते करतं. काडी निघाली तेव्हा ओठ गप्प झाले होते. मग घरीही गाणं राहूनच गेलं.

पुढच्या शनिवारी मी मावशींना थांबवलं. म्हटलं, "पूर्वी कसं होतं, ते तुम्हाला कसं माहीत?"

त्यांनी आधी दाराकडे पाहिलं. नात खाली पाण्याची बाटली भरायला गेली होती. मावशी सतरंजीवर नीट बसल्या, एक पाय दुमडून, दुसरा गुडघा उभा. पदर सारखा केला आणि गायल्या. लावणी होती, संथ, बसून म्हणायची. आवाज फाटलेला, वर जाताना खरखरायचा. पण हात शब्दाच्या मागून येत नव्हता. हात जरा आधी यायचा, बोटं उघडायची, आणि मग शब्द त्या बोटांतून पडल्यासारखा बाहेर यायचा. चाळीस वर्षं मी शब्द ऐकून हात उचलत आले होते. माझा प्रत्येक भाव अर्धा श्वास उशिरा पोहोचत होता, हे मला त्या वेळी पहिल्यांदा दिसलं.

गाणं संपलं. त्याच म्हणाल्या, "मनी मावशी, मायनी बहीण, फडात होती. तमाशाना फड. मी तिनासंगे तेरा वरीसनी होईपर्यंत ऱ्हायनू. मंग लगीन लावी दिन्हं." मग नेहमीच्या मराठीत, हळू आवाजात म्हणाल्या, "इथे कोणाला माहीत नाही. मालकाला माहीत होतं, ते गेले. पोराला सांगितलं नाही."

मी म्हटलं, "मला शिकवाल?"

त्या हसल्या. "तुमी मॅडम आणि मी शिकवू?"

पण शिकवलं. मंगळवार-गुरुवार दुपारी, लेसच्या साड्यांचे गठ्ठे पोचते करून त्या माझ्या घरी यायच्या. मी चहा टाकायचे, नवरा आतल्या खोलीत पेपर वाचत बसायचा. लावणी नव्हे, ठुमरीच घेतली. बंदिश माझी, बसणं त्यांचं. मला वाटलं होतं, आठ दिवसांत जमेल. दोन महिन्यांतही धड जमलं नाही. हात केला की आवाज पडायचा. आवाज सांभाळला की चेहरा दगडासारखा व्हायचा. श्वास कुठे घ्यायचा हेच कळेना. नाचताना मी श्वास लपवायला शिकले होते, आणि मावशी म्हणायच्या, "श्वास दिसू द्या. रडणारी बाई श्वास लपवते का?"

खरं सांगायचं तर मी थकून जायचे. शनिवार-रविवारचा क्लास, मधे घरकाम, गुडघ्याचा शेक, आणि त्यात हे. कितीदा वाटलं, मावशींना सांगावं, पुरे आता. पण त्या वेळेवर यायच्या. पायऱ्या चढून आल्या की भिंतीला टेकून दम घ्यायच्या आणि म्हणायच्या, "म्हना."

वार्षिक कार्यक्रम जवळ आला. मी ठरवलं, शेवटी एक ठुमरी मी बसून गाईन आणि भाव करीन, आणि माझ्याबरोबर मावशी बसतील. त्यांनी आधी नाही म्हटलं, मग दोन दिवसांनी विचारलं, "साडी कोनती नेसू?" मी त्यांना माझी एक अंजिरी साडी काढून दाखवली. त्यांनी काठ उलटा करून टाका बघितला, सवयीने.

तालीम हॉलमध्येच झाली. मुलींच्या आया बसल्या होत्या. आम्ही दोघी गायलो. मला वाटलं, बरं झालं. एका मुलीची आई, सभ्य बाई, माझ्याजवळ येऊन म्हणाली, "बेन, खोटुं ना लगाडता, पण आ बेसीने गावानुं… जूना जमानानी बाईओ जेवुं लागे छे." बसून गाणं म्हणजे जुन्या जमान्यातल्या त्या बायकांसारखं वाटतं, असं तिचं म्हणणं. मी रागावणार होते. मग लक्षात आलं, की तिने बरोबर ओळखलं होतं. तसंच होतं ते. आम्ही तेच तर करत होतो. दुसरी एक मराठी आई मात्र सरळ बोलली, "मॅडम, आम्ही मुलीला क्लासिकलला घातलंय." मी दोघींना चहा विचारला. भांडायला बळ लागतं, ते मी गाण्यात घालवलं होतं.

त्याच संध्याकाळी नातीने घरी आनंदाने सांगितलं, की आजी स्टेजवर गाणार. बुधवारी मावशींचा मुलगा माझ्याकडे आला. पांडेसऱ्याला एका मिलमध्ये सुपरवायझर होता. चप्पल बाहेर काढून, पाणी घेऊन, खुर्चीच्या कडेवर बसला.

"मॅडम, मी भांडायला नाही आलो."

"बोला ना."

"आईने काल रात्री सगळं सांगितलं. फडाचं. मला चाळीस वर्षांत माहीत नव्हतं." त्याने हातातला ग्लास खाली ठेवला. "मला काही वाटत नाही, मॅडम. खरंच नाही. पण आमचे सगळे नातेवाईक लिंबायतलाच आहेत. उद्या पोरीचं लग्न करायचंय. एकदा नाव पडलं की पडलं."

मी म्हटलं, "तुमच्या आईला गायला आवडतं."

"माहीत आहे," तो म्हणाला. "लहानपणी दिवे गेले की ती गायची. आम्हाला वाटायचं, भजन आहे." मग उठला. "आईला मी काही बोललो नाही. तिनेच सांगितलंय की जाणार नाही."

त्याचा राग करावा असं काही त्याने केलं नव्हतं.

कार्यक्रम झाला. मावशी आल्या नाहीत, नातही नाही. दोन आयांनी मुलींना आधीच काढून घेतलं होतं. खुर्च्या निम्म्या रिकाम्या. मी शेवटी एकटी बसले, एक पाय दुमडून. दुसरा गुडघा उभा करताना कळ आली, ती चेहऱ्यावर दिसली असणार. पहिल्या दोन आवर्तनांत आवाज बरा होता. तिसऱ्या वेळी "आला नाही" म्हणताना दम तुटला आणि वरचा सूर फुटला. पूर्वीची मी असते तर थांबले असते. पण हात आधीच उघडला होता, तो परत कसा मिटणार? मी फुटक्या आवाजात पुढे गेले. टाळ्या झाल्या. खूप नाही, पण जितक्या झाल्या तितक्या खऱ्या होत्या. नवरा घरी येताना रिक्षात म्हणाला, "मला माहीतच नव्हतं तू गातेस." लग्नाला चौतीस वर्षं झाली होती.

आठवड्याने मी लिंबायतला गेले. मावशी ओट्यावर लेस लावत होत्या. सून आत होती, म्हणून आम्ही हवापाण्याचं बोललो. सून दळण आणायला गेल्यावर त्यांनी विचारलं, "म्हटलं का?"

"म्हटलं. मधेच दम तुटला."

"दम तुटना ते तुटू द्या. हात थांबाले नही पाहिजे."

"नाही थांबला."

त्यांनी मान हलवली आणि सुईत दोरा ओवायला माझ्याकडे दिला. त्यांना आताशा नीट दिसत नव्हतं. मलाही चष्म्याशिवाय दिसत नाही. दोघींनी मिळून कसाबसा ओवला.

दिवाळीनंतर त्यांचा मुलगा नातीला घेऊन स्कूटरवर आला. म्हणाला, पोरगी घरी ऐकतच नाही, तिला यायचंय. मग जरा थांबून म्हणाला, "मॅडम, एक विनंती. हिला नाच शिकवा. गाणं नको."

मला बरंच काही म्हणता आलं असतं. आमच्या बाईंची गोष्ट सांगता आली असती, काडीची, त्या बैठकीतल्या बायकांची. हीच अट कधीपासून चालत आली आहे ते सांगता आलं असतं. पण जिना चढून मी नुकतीच वर आले होते, मुली आत पाय आपटत होत्या, आणि ती पोरगी बापाच्या मागे उभी राहून माझ्या तोंडाकडे बघत होती. अट मोडली तर ती येणार नव्हती.

मी म्हटलं, "बरं."

आता तिच्यासाठी मीच गाते. बाजूला खुर्चीवर बसून, समोर पेटी ठेवून. ती अडखळली की ओळ पुन्हा फिरवून आणते. मला तिची पाठ दिसते, चेहरा दिसत नाही.