इथला पत्ता, तिथला पत्ता

मी बंद पाडलेली पहिली वेबसाइट निव्वळ माझ्या शहाणपणाने पडली. पीएचपी या कम्प्युटरच्या भाषेतल्या प्रोग्राममध्ये मी माझ्याच कम्प्युटरवरच्या फोल्डरचा अख्खा पत्ता लिहिला, तो प्रोग्राम सर्व्हरवर चढवला आणि वर पेढे मागवले. साइट उघडली तर नुसतं पांढरं पान! शेजारच्या टेबलावरच्या कुलकर्ण्यांनी हसत तो पत्ता पुसला आणि तिथे __DIR__ एवढंच लिहिलं. हा स्थिरांक, म्हणजे ठरलेला शब्द, पीएचपीतच तयार असतो. फाईल कुठेही हलवा, ती आत्ता जिथे आहे तिथलाच पत्ता तो देतो.

काल पुण्यात रिक्षात बसले. "कुठे सोडू, आजी?" "जठारपेठेत," मी ऐटीत म्हणाले. रिक्षावाला वळून बघतच राहिला. हे गेले, अकोल्याचं जठारपेठेतलं घर विकलं, लेकीने मला इथे आणलं. पण माझ्या आतला पत्ता कुणी बदललाच नाही. तो पुसला तर मागे काय उरेल? पांढरं पानच, बहुधा. शेवटी लेकीला फोन करून तिच्या घराचा पत्ता विचारला, आणि कुलकर्णी तेव्हा पेढ्याचा घास तोंडात धरून काय म्हणाले होते ते आठवलं:

"अहो बाई, इथला पत्ता तिथे कोण ओळखणार?"