फी भरायची नसते

स्वतःच्या खिशातून कॉलेजची फी भरणारा माणूस अडाणी असतो, असं उघडपणे मानणारी अख्ख्या मराठवाड्यात एकच बाई आहे आणि ती माझी चुलत आत्या आहे. वयानं माझ्यापेक्षा सहाच वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला आक्का म्हणतो. बारावीनंतर तिच्या वडिलांनी, म्हणजे कंधारच्या आमच्या चुलत आजोबांनी, "पैसे न्हाईत" एवढ्या दोन शब्दांत तिचं शिक्षण आटोपलं होतं. आक्का आठवड्याभरात शिष्यवृत्तीचा फॉर्म भरून आली. मग नांदेडला होस्टेलवर राहून बी.ए. झालं, बी.एड. झालं, एम.ए. सुरू झालं. आजोबा दर उन्हाळ्यात एक स्थळ आणायचे, आक्का प्रवेशाची पावती आणायची. "एवढं शिकून काय करनार गं?" असं कुणी विचारलं की म्हणायची, "शिकून काय होतंय ते ठाव न्हाई, पर न शिकता काय होतंय ते घरी बगून आलेय."

तिच्या काखेत कायम एक फुगलेली प्लास्टिकची फाईल. माणूस भेटला की ती त्याची खुशाली नव्हे, उत्पन्नाचा दाखला विचारते. एकदा निलंग्याला नात्यातलं लग्न होतं. नवरी सासरी आली, ताटात तांदूळ पसरले, नवरदेव अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहायला वाकला आणि पाठीमागून आक्का ओरडली, "लिहू नको! तिची थर्ड इयरची शिष्यवृत्ती यायचीय, आधारला नाव जुळनार न्हाई!" नवरदेवाची अंगठी हवेतच राहिली. सासरेबुवा जे रुसले ते जेवायलाच बसेनात. शेवटी माहेरचंच नाव तांदळात लिहिलं गेलं. शिष्यवृत्ती आली, आणि ती पोरगी पदवीधर झाली, हेही सांगायला हवं. सासरे आता तेवढंच सांगतात.

माझ्या बाबतीत तर तिनं अब्रूच काढली. नांदेडच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मी मित्रांना वडील बागायतदार असल्याचं सांगून ठेवलं होतं. वडील टेलर होते. माझा शिष्यवृत्तीचा फॉर्म दाखल्यावरच्या नावात एक वेलांटी चुकली म्हणून कॉलेजच्या क्लार्कनं परत पाठवला, आणि फी भरल्याशिवाय परीक्षा नाही असं सांगितलं. मी लाजेनं ते मित्रांपासून लपवलं. आक्काला कळलं, ती थेट ऑफिसात आली आणि माझ्या चार मित्रांदेखत म्हणाली, "साहेब, ह्याचा बाप टेलर हाय. लोकाच्या प्यांटी शिवून ह्याला शिकवायलाय. वेलांटीपायी पोराचं वर्ष घालवता का?"

मला वाटलं, जमीन दुभंगावी. क्लार्क म्हणाला, "उद्या या." आक्का म्हणाली, "मी बसते की." आणि तीन दिवस ती त्याच्या टेबलासमोरच्या खुर्चीवर डबा घेऊन बसली. पहिल्या दिवशी त्यानं पंखा बंद केला. दुसऱ्या दिवशी तिची शेंगदाण्याची चटणी चाखली. तिसऱ्या दिवशी, शेवटच्या तारखेला संध्याकाळी, वेलांटी दुरुस्त होऊन फॉर्म ऑनलाइन गेला. मी तिचे आभार मानले नाहीत. मित्रांसमोर असं का बोललीस, म्हणून महिनाभर तिच्याशी बोललो नाही.

त्या वर्षी आक्काचं एम.ए. मात्र अर्धवट राहिलं. तिचा फॉर्मच गेला नव्हता. आजोबांनी तिला कंधारला नेऊन बसवलं, सगळं घर हसलं. आणि खरं सांगतो, मीही हसलो. जगाचे फॉर्म भरणारीला स्वतःचा भरता येईना! दोन वर्षं घरात काढून, तीन स्थळं परतवून ती लातूरला गेली. आता एका शाळेत शिकवते आणि उरलेलं एम.ए. करते. फी स्वतःच्या पगारातून भरते, पण हे कुणाला सांगत नाही.

तिची होस्टेलची मैत्रीण मला परवा भेटली. तिच्याकडून कळलं, की त्या तीन दिवसांत आक्काला स्वतःचा दाखला आणायला कंधारच्या तहसीलला जायचं होतं.

मी लातूरला गेलो. आक्का पोरींच्या वह्या तपासत होती. विचारलं, "आक्का, त्या वर्षी तुझा फॉर्म का गं राहिला?"

वहीतून मान वर न करता ती म्हणाली, "सर्व्हर बंद व्हता रे."

त्याच शेवटच्या तारखेला संध्याकाळी, त्याच सर्व्हरवरून माझा फॉर्म गेला होता. मी तिनं तपासलेल्या वह्यांचा गठ्ठा उचलला आणि बांधत बसलो.