ओव्हरलॉकचा उजवा पाय

वस्तीत तिला सगळे ओव्हरलॉक म्हणतात; खरं नाव फक्त कारखान्याच्या हजेरीपटावर. कापडाच्या कडा उसवू नयेत म्हणून त्या कापत-बांधत जाणारं मशीन म्हणजे ओव्हरलॉक, आणि त्यावर बावीस वर्षं बसलेल्या बाईला दुसरं काय म्हणणार? वय सत्तेचाळीस. बोलणंही मशीनसारखंच, सुरू झालं की कड संपेपर्यंत थांबत नाही.

मालकाने कारखाना अकरा किलोमीटर लांब हलवायचं ठरवलं आणि कामगारांची बस बंद केली. नोटीस लागली: दोन महिन्यांनी, एक तारखेला, नव्या गेटवर आठच्या आत जो येणार नाही त्याने राजीनामा दिला असं समजू. आम्ही संघटनेतर्फे भांडलो. मॅनेजरने चहा पाजला, मान डोलावली आणि बस दिली नाही. त्या चहाचा राग अजून माझ्या डोक्यात आहे. पण रागावर बसून कोणी अकरा किलोमीटर जात नाही.

तिच्या दारात मोटरसायकल होती. नवऱ्याची. तो पूर्वी त्या गाडीवरून दुकानोदुकानी औषधांची खोकी पोचवायचा. डोळे गेले आणि तीन वर्षं घरीच बसून आहे. उजेड-अंधार तेवढा कळतो, बाकी धुकं. गाडी मात्र विकू दिली नाही; रोज चाचपत चाचपत पुसायचा.

"शिकवा मला," ती म्हणाली.

"मी? अगं, मला तू दिसत नाहीस."

"लग्नात दिसत होते तेव्हा कुठे नीट बघितलंत? शिकवा."

कच्चं लायसन्स काढलं. त्याचं हेल्मेट तिला ढगळ होत होतं. ती म्हणाली, चालेल. तो भडकला. "शर्ट मापाचा लागतो आणि डोकं ढगळ चालतं होय?" मापाचं आणलं, मग सुरुवात. रोज सकाळी सहाला, गोदामामागचं मैदान. तो कडेला खुर्चीत, ती गाडीवर.

तो कानांनी शिकवायचा. "क्लच झटक्यात सोडू नकोस. झोपलेल्या पोराच्या डोक्याखालून हात काढतेस ना, तसा काढ." "दुसरा टाक, इंजिन रडतंय." कधी चुकायचा नाही. कोपऱ्यावरचा सलूनवाला शटर वर करता करता ओरडायचा, "मावशी, आज आत घुसणार असाल तर आरसे उतरवून ठेवतो!"

"ठेव! तुझं तोंड तरी दिसणार नाही!"

दहा-बारा दिवसांत ती आठचा आकडा काढू लागली. अडचण एकच राहिली. ठरवून थांबायचं असेल तर ती छान थांबायची. पण अचानक काही आडवं आलं, कुत्रं म्हणा, चेंडू म्हणा, की गाडी थांबायचीच नाही. दोनदा वाळूच्या ढिगात गेली. तिसऱ्यांदा कठड्यावर आपटली, कोपर सोलून निघालं.

"ब्रेक मारला होतास का?"

"मारला होता!"

"मग थांबली का नाही?"

"तुमच्या गाडीला विचारा!"

गॅरेजवाल्याने ब्रेक तपासले. ठणठणीत. खोटं कोणीच बोलत नव्हतं. गिअर कुठला पडलाय ते कानाला कळतं, पाय कुठे आहे ते नाही कळत.

कोपरावर पट्टी बांधताना तो पहिल्यांदाच म्हणाला, "राहू दे. हाडं मोडण्यापेक्षा नोकरी गेलेली परवडली."

त्या दिवशी ती त्याच्याशी एक अक्षर बोलली नाही. ती गप्प बसली ही वस्तीत बातमी झाली.

चार दिवसांनी कारखान्यात मशीनखाली बाही गुंडाळली गेली, बोट पात्याजवळ ओढलं गेलं. आपोआप पाय उचलला गेला. मशीन जागच्या जागी थांबलं. आणि ती आपल्या पायाकडे बघतच बसली.

"काय गं, बोट कापलं?" मशीनवरच्या शेजारणीने विचारलं.

"नाही. ब्रेक मारला," ती म्हणाली. "बावीस वर्षं मी असाच मारतेय!"

शिलाई मशीनवर पाय दाबला की मशीन चालतं, उचलला की थांबतं. मोटरसायकलवर उजवा पाय दाबला की गाडी थांबते. घाबरलं की बाईचा पाय आपली जुनी नोकरी करायचा, आणि भीतीने वळलेली मूठ अॅक्सिलेटर पिळून ठेवायची.

घरी सांगितलं तर नवरा खोकला लागेपर्यंत हसला. मग स्टँडवरच्या बंद गाडीपाशी जमिनीवर बसला आणि ब्रेकच्या पट्टीला हात लावून ठेवला. "थांब!" पायाने दाब, उजव्या हाताने पुढचाही दाब, मूठ सैल. "थांब!" पुन्हा. रोज तीनशे वेळा. ती बोलण्यात रंगली की मुद्दाम तेव्हाच ओरडायचा.

पण मग वेगळीच भीती. "अहो, पायाला ही सवय लागली आणि मशीनवर दचकून दाबला तर? बोट जाईल."

भीती खरी होती. उपाय तिनेच काढला. मशीनवर ती अनवाणी बसते. तर गाडीवर जाड तळाचे बूट, एकदाही चुकायचं नाही. आपण कुठे आहोत ते पायाला कळायला हवं. मग मैदानात नवऱ्याने शिट्टी घेतली. मनात येईल तेव्हा फुंकायची, तिने थांबायचं. आठवड्याने शिट्टी विरायच्या आत चाकं गप्प व्हायला लागली.

पक्क्या लायसन्सच्या परीक्षेत साहेबाने मध्येच हात आडवा केला. ती चार हात अलीकडे थांबली. दचकला तो साहेब.

शेजारीण म्हणाली, "आता मला मागे घेऊन चल."

"दोन महिने नाही. नवशिकी आहे मी. पडायचं तर एकटी पडेन, तुला घेऊन नाही."

शेजारीण फुगली, टेम्पोत जागा बघितली.

एक तारखेला आम्ही नव्या गेटवर उभे होतो. सात जणी पोचल्याच नाहीत. ते भांडण अजून संपलेलं नाही. आठला वीस मिनिटं असताना ती आली, हळू, रस्त्याच्या डाव्या कडेने. सुपरवायझरच्या यादीत तिच्या नावावर आदल्या दिवशीच फुली मारलेली.

"मावशी, तुम्ही कशा याल असं वाटलं..."

"खोडा ती फुली."

"आता खोडलं तर कागद घाण होईल."

"मग नवा कागद घ्या," ती म्हणाली आणि हेल्मेट न काढताच यादीवर बोट ठेवून उभी राहिली.