दह्याच्या दोन वाट्या

किल्लीवाले काका जन्माचे संशयी. कुठलंही कुलूप हां हां म्हणता उघडणाऱ्या माणसाला जगाचा भरवसा वाटणार तरी कसा? दूधवाला हसला तरी हा आज का हसला, म्हणून ते दूध दोनदा हुंगून बघत.

दाढेसाठी घेतलेल्या अँटिबायोटिकने त्यांचं पोट बिघडलं. अर्धी कानसलेली किल्ली तशीच सोडून पळायची वेळ यायला लागली आणि गिऱ्हाइकं पुढच्या दुकानाकडे वळायला लागली. सूनबाई त्यांना डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी सांगितलं, की गोळ्यांनी पोटातले चांगले जंतूही मरतात. प्रोबायोटिकची पुडी तसे जंतू पोटात पोचवते आणि प्रीबायोटिकची पुडी म्हणजे त्या जंतूंचं खाणं. कुणाला गुण येतो, कुणाला नाही, घेऊन बघा.

"आधी जंतू मारायचे पैसे घेतले, आता पाळायचे घेतायत," काका बाहेर पडताच म्हणाले आणि घरी येऊन पुड्या केरात टाकल्या.

सूनबाईने मुकाट्याने नव्या आणल्या आणि त्यांच्या दह्यात कालवायला लागली. काकांनी एकदा दारातून तिला दह्यात कसलीशी पूड कालवताना पाहिलं आणि त्यांच्या पायांखालची जमीन सरकली. घर त्यांच्या नावावर होतं, मुलगा-सून मोठ्या घराच्या गोष्टी करत होते. काकांचं गणित चटकन जुळलं. पण हातात पुरावा नव्हता. मग काकू पाणी आणायला उठल्या, की ते रोज आपली वाटी काकूंच्या ताटाशी सरकवत आणि त्यांची आपल्याकडे घेत.

पोट काही सुधारेना. शेवटी सूनबाईच जेवताना म्हणाली, "बाबा, रागावू नका. त्या पुड्या मी तुमच्या दह्यात घालतेय. गुण दिसत नाही, तर उद्या परत दाखवून येऊ."

पुड्याच होत्या तर! काकांचा जीव भांड्यात पडला. त्या भरात आपल्या हुशारीवर खूश होऊन ते बोलून गेले, "गुण येईल कुठून? मी खाल्लंच नाही. विषबिष असेल म्हणून वाटी बदलत होतो रोज."

सूनबाईचा चेहरा पांढरा पडला. काकूंनी हातातला घास ताटात ठेवला.

"कुणाशी बदलत होतात?"

काकूंनी पुन्हा विचारलं नाही, आदळआपटही केली नाही.

दुसऱ्या दिवशी जेवायला बसताना त्यांनी दह्याच्या दोन्ही वाट्या नवऱ्यापुढे ठेवल्या आणि विचारलं, "अहो, यातली माझी कुठली?"