काखेतला पेपर

मामींच्या उजव्या काखेत कायम एक तमिळ पेपर असायचा. वाचून झालेला, चार घड्या घातलेला. दुधाची पिशवी घ्यायला दार उघडलं तरी काखेत पेपर, लिफ्टची वाट बघतानाही पेपर. मी चेन्नईच्या पेरुंगुडी भागातल्या त्या इमारतीत नवा राहायला आलो तेव्हा मला वाटलं, बाईंना वाचनाचं भलतंच वेड दिसतंय. तुम्ही असता तर तुम्हालाही तेच वाटलं असतं.

एका रविवारी सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेलो आणि खुलासा झाला. मामी पदर कमरेला खोचून, पायात कॅनव्हासचे बूट घालून उभ्या होत्या. हातात बांबूची लांब, लवचीक काठी आणि तिला पिवळी जाडसर दोरी. समोर बऱ्याच अंतरावर पाण्यानं भरलेला निळा टब. मनगटाला हिसका बसला, दोरी डोक्यावरून मागे गेली, हवेत सरळ झाली आणि पुढे येऊन टबाच्या मधोमध टेकली. पाणी जेमतेम हललं. पेपर काखेत जागच्या जागी होता.

"कोपर अंगाला लागून पाहिजे," मामी न वळता म्हणाल्या. "कोपर सुटलें की पेपर पडतो. पेपर पडला की मासा पळतो." मग वळून म्हणाल्या, "मराठी आ तू? मघापासून चिमट्यांना शिव्या देतोस ते ऐकलें."

सांगली सोडून इतक्या लांब आल्यावर निदान शिव्या तरी मोकळेपणानं देता येतील अशी माझी समजूत होती. ती तिथंच संपली.

मामी तंजावरकडच्या मराठी. घराणं किती पिढ्यांपूर्वी तिकडे गेलं ते त्यांनाही सांगता यायचं नाही. त्यांचं बोलणं म्हणजे कुणी जुनी पोथी तमिळ चालीवर वाचावी तसं. सांगितलंचं सांगिटलें, आणि प्रश्न असला की शब्दाच्या शेपटीला एक 'आ'. सगळी इमारत त्यांना मामी म्हणायची, कारण इकडच्या रिवाजात अशा ब्राह्मण घरातली वयस्क बाई म्हणजे मामीच. मला मात्र खरी मामी मिळाली. "जेवलास आ?" असं रोज विचारणारं त्या शहरात मला दुसरं कुणी नव्हतं.

त्यांचे वडील डोंगरातल्या एका चहाच्या मळ्यावर हेडक्लार्क होते. मळ्याचा मॅनेजर नोकरी सोडून जाताना मासेमारीची ही काठी देऊन गेला. वडील ती वापरायला शिकले आणि मुलगा नव्हता म्हणून, किंवा मुलगी होती म्हणून, मामींना शिकवलं. घर कट्टर शाकाहारी. मासे खाणं तर सोडाच, घरात मासा हा शब्दही हळू आवाजात उच्चारायचे. पण ही मासेमारीच वेगळी. गळाला गांडूळ लावून बसायचं नाही. पिसं, दोरे, लोकर यांची खोटी माशी गळावर बांधायची आणि ती पाण्यावर इतक्या अलगद टेकवायची की माशाला वाटावं, खराच किडा पडला. मामी तर गळाचं टोकही पक्कडीनं मोडून टाकायच्या.

"मग मासा अडकणार कसा?" मी विचारलं.

"अडकवून काय करूं? लोणचें घालूं?" मामी म्हणाल्या. "तो वर आला, फसला, झालें. आम्ही मासा खात नाहीं. फसवायला कुणी मना केलें?"

लग्न झालं, नवऱ्याच्या बँकेच्या बदल्या सुरू झाल्या, आणि काठी माळ्यावर गेली ती संसारभर तिथंच राहिली. मामा गेल्यावर कधीतरी त्यांनी ती खाली काढली. गच्ची हीच त्यांची नदी झाली.

मीही हळूहळू त्यांचा शिष्य झालो. म्हणजे पेपर पाडायला लागलो. माझी दोरी माझ्याच मानेभोवती यायची, पाण्याच्या टाकीला गुंडाळायची, आणि पेपर दर फेकीला जमिनीवर. "पडला की उचलायचा," मामी म्हणायच्या, "त्यात लाजायचें काय?" दुसरी चूक माझ्या घाईची. मागे गेलेली दोरी सरळ व्हायच्या आधीच मी हात पुढे मारायचो. मामींचं वाक्य ठरलेलं होतं. "मागचें पुरें सरळ होऊं दे. मग पुढें." ऑफिसातही कुणी घाई केली की माझ्या तोंडून हे वाक्य निघायला लागलं, आणि कुणालाच काही कळायचं नाही.

गुरूंचा हातही एकदा चुकला. वारा समुद्राकडून सुटला होता. दोरी वाहवत गेली आणि तिच्या टोकाचा लोकरीचा गोंडा सोसायटीच्या सेक्रेटरीसाहेबांच्या वाळत घातलेल्या लुंगीत गुंतला. मामींनी सवयीनं हिसका दिला. लुंगी तारेवरून सुटून, गच्चीचा कठडा ओलांडून, खाली पार्किंगमध्ये चाललेल्या खुद्द सेक्रेटरीसाहेबांच्या पुढ्यात उतरली. त्यांनी वर पाहिलं. "आज मोठा लागला," मामी माझ्या कानात म्हणाल्या आणि शहाण्यासारख्या मटकन खाली बसल्या. वरून बघत उभा राहिलेला मी एकटाच. पुढे महिनाभर लिफ्टमध्ये सेक्रेटरीसाहेब माझ्याशी बोलत नव्हते.

आता मुख्य गोष्ट सांगतो. मामींचा एकुलता एक मुलगा कॅनडात. दर रविवारी त्याचा फोन यायचा आणि विषय एकच. अम्मा, इकडे ये. एकटी किती दिवस राहणार? फ्लॅट विकून टाकू. मुलगा वाईट नव्हता, सून तर त्याहून चांगली. पण मामी 'हो' म्हणत नव्हत्या आणि 'नाही'ही म्हणत नव्हत्या. एका संध्याकाळी मला कॉफीचा पेला देताना म्हणाल्या, "बाळा, तुझ्याकडे तंबू अहे आ?"

तंबू होता. ऑफिसातल्या मुलांबरोबर एकदा वापरलेला.

"मला नदीवर जायचें अहे. दोन दिवस. ठाव नसलेल्या नदीवर."

मी म्हटलं, अनोळखी कशाला? वडिलांच्या मळ्याजवळची नदी आहेच की. मामींनी मान हलवली. "तिकडे नको. त्या नदीला मी ठाव अहे. ती माझे लाड करील." मग पेला खाली ठेवून सरळ सांगितलं, "ह्या वयात अनोळखी पाण्याशी माझें जमतें की नाहीं, ते बघायचें. एक मासा वर आला तर मुलाकडे जाईन. नाहीं आला, तर इथेंच. मग कुणी मला विचारायचें नाहीं."

कॅनडाचा निकाल माशावर सोपवणारी बाई तुम्ही पाहिली आहे का? मला हसू आलं. मग घरी येऊन एकटा बसल्यावर हसू आलं नाही. मला त्या जायला नको होत्या.

तयारी मात्र मीच केली. म्हणजे मामींनी केली आणि मी धावलो. कूर्गकडच्या एका कॉफीच्या मळ्यातून वाहणारी नदी ठरली. तिचं नाव सांगत नाही, चांगल्या पाण्याचं नाव सांगत सुटू नये अशी मामींची सक्त ताकीद होती. मालकांची परवानगी मिळाली. अट एकच, मासा धरला तर परत सोडायचा. मामींना ती अट अपमानासारखी वाटली.

मग नदीची चौकशी सुरू झाली. मुलीसाठी स्थळ बघतानाही लोक इतकं खोलात शिरत नाहीत. मळ्यावरच्या राखणदाराला मामी रोज फोन करायच्या. पाणी गुडघ्याएवढं की कमरेएवढं? सावली कुठल्या काठाला? हत्ती येतात का? येतात म्हटल्यावर तंबू त्याच्या खोलीला लागूनच टाकायचं ठरलं. आणि रोजचा शेवटचा प्रश्न, काल दिव्याभोवती किडे कसले आले होते? त्या बिचाऱ्यानं अखेर भिंतीवरच्या किड्यांचा फोटोच काढून पाठवला. बारके, तपकिरी. मामींनी तो मोठा करकरून पाहिला आणि मला विचारलं, "ह्या रंगाची लोकर कुणाकडे असेल?"

लोकर माझ्याकडे होती. नोकरी लागली तेव्हा आईनं विणून दिलेला स्वेटर. चेन्नईत स्वेटर! आईला नकाशात चेन्नई दाखवून झालं होतं, पण "असू दे, परमुलूख आहे" म्हणून तिनं तो पिशवीत कोंबलाच होता. मामींनी त्याच्या आतल्या शिवणीतला एवढासा धागा काढला, कावळ्याच्या पिसाची चिमूट घेतली, आणि चष्म्यावर दुसरा चष्मा चढवून एक माशी बांधली. तळहातावर ठेवली तर मी फुंकर मारून उडवायला गेलो.

मुलाला कुणीतरी हे कळवलं. सेक्रेटरीसाहेबच असणार. फोनवर तो इंग्रजीत चिडला, तमिळमध्ये रडवेला झाला. मामींनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सेरि कण्णा. परत येऊन बोलतें." बरं बाळा, एवढंच. मग चिंचेचा भात कालवायला घेतला.

संध्याकाळच्या गाडीनं म्हैसूर, तिथून जीपनं मळा. पोचल्या पोचल्या मी तंबू ठोकला, मामींनी दगडाच्या चुलीवर पाणी ठेवून फिल्टर कॉफीचा सरंजाम मांडला. काठी त्यांनी पिशवीतून काढलीच नाही. दुपारभर एका खडकावर बसून नुसतं पाणी बघत राहिल्या. "आधीं तिला मला बघूं दे," म्हणाल्या.

संध्याकाळी फेकायला उभ्या राहिल्या. तपकिरी किडे पाण्यावर कुठं दिसत नव्हते म्हणून वडिलांच्या डबीतली जुनी माशी लावली होती. दोरी गच्चीवर पडायची त्याहून सुंदर पडत होती. पण पाणी आपल्या वाटेनं चाललं होतं. काही नाही. सकाळी पुन्हा तेच. ऊन वर येत चाललं, जीप दुपारी यायची होती. मामी गुडघाभर पाण्यात, काखेत पेपर, आणि चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेला थकवा.

"ही माझ्याशी बोलत नाहीं रे," त्या म्हणाल्या. "पुरे. निघूं या."

मला काय वाटलं असेल? मासा यावा असं वाटत होतं आणि येऊ नये असंही. आला नाही तर मामी जाणार नाहीत. उद्या पुन्हा गच्ची, कॉफी, "जेवलास आ?". मी सामान आवरायला वळलो आणि पलीकडच्या काठाला, पाण्यावर वाकलेल्या फांदीखाली, मला ते दिसले. बारके, तपकिरी. फोटोतले किडे, पाण्याला टेकत होते, उठत होते. मामींची नजर तिथवर पोचत नव्हती, एवढं बारीक त्यांना आता दिसत नसे. गप्प राहिलो असतो तर कुणाला कळलंही नसतं.

पण पाण्यात उभ्या असलेल्या त्या बाईकडे बघून गप्प राहवलं नाही. "मामी," मी म्हटलं, "त्या फांदीखाली बघा. तुमचे दिव्यावरचे किडे. स्वेटरची माशी लावा."

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मी काय करतो आहे ते त्यांना नीट कळलं होतं. माशी बदलली, दोन पावलं पुढे गेल्या. दोरी मागे गेली. त्या थांबल्या. दोरी पुरती सरळ झाली, मग पुढे आली, आणि आईच्या स्वेटरचा तो धागा फांदीच्या सावलीत अलगद टेकला.

पाणी फुटलं. एक रुपेरी पाठ वर आली, माशी तोंडात घेतली, दोरीला झटका बसला आणि माशी सुटली. तेवढंच.

मामींचे दोन्ही हात वर गेले होते. लहान मुलीसारख्या ओरडल्या त्या, कुठल्या भाषेत ते मला सांगता येणार नाही. काखेतला पेपर पाण्यात पडून वाहत चालला होता. इतक्या दिवसांत तो पडलेला मी पहिल्यांदाच पाहिला. मी उचलायला धावलो.

"राहूं दे," मामी म्हणाल्या. "जाऊं दे त्याला." मग ओल्या पदरानं तोंड पुसलं. हसत होत्या आणि रडतही होत्या. मीही काही वेगळं करत नव्हतो.

परतीच्या गाडीतून त्यांनी मुलाला फोन केला. दोनच वाक्यं बोलल्या.

मामी कॅनडाला जाऊन आता बरेच महिने झाले. फ्लॅटमध्ये नवं जोडपं आलंय, निळ्या टबात त्यांनी कढीपत्ता लावलाय. काठी मामी घेऊन गेल्या. मुलाच्या घरामागे ओढा आहे म्हणे. "अजून बोलत नाहीं," परवा फोनवर म्हणाल्या, "पण मला बघतो." आणि मग, "जेवलास आ?"

जाण्याआधी त्यांनी पेपरवाल्याला माझ्या दाराचा नंबर सांगून ठेवला होता. मला सांगिटलें नव्हतें. रोज सकाळी तमिळ पेपर दारात येऊन पडतो. मला तमिळ वाचता येत नाही. मी त्याच्या चार घड्या घालतो, उजव्या काखेत धरतो, आणि बाजारातून आणलेली साधी काठी घेऊन गच्चीवर जातो. पेपर अजूनही पडतो. पडला की उचलतो.