बसमध्ये मुकी होणारी मालिनीअक्का

नेदरलँड्समधल्या बाडहूव्हडॉर्पच्या गोदामात ऋजुताच्या शेजारी काम करणारी मालिनीअक्का मूळची श्रीलंकेची. कँटीनच्या आचाऱ्याशी सिंहली, साहेबाशी डच, घरी तमिळ. बाईच्या तोंडाला उसंत नाही. मग बसमध्ये लेकीचा फोन आला की ही गप्प का? न राहवून ऋजुतानं एकदा बसमध्येच विचारलं.

अक्का म्हणाली, “तमिळांविरुद्धच्या दंगलीच्या वेळी मी लहान होते. कोलंबोत बसमध्ये चढण्याआधी आई माझी टिकली पुसायची. म्हणायची, आता तमिळचा शब्द काढायचा नाही.”

“अहो अक्का, पण इथं कोणाला काय कळतंय?”

तेवढ्यात फोन वाजला. अक्कानं आधी सगळ्या बसवर नजर फिरवली, मग हळूच तमिळ बोलू लागली. कोणी मानसुद्धा वळवली नाही. आवाज चढत गेला. दोघींचा थांबा आला, पण ऋजुतानं बस थांबवायचं बटण काही दाबलं नाही.